साहेब विजयदुर्गला आला होता, पण तीस वर्षांनी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला विजयदुर्गावरचा लेख आवडला. तटबंदी, वाघोटन खाडी, आंग्र्यांचं आरमार, सगळं छान उतरलंय. फक्त शेवटच्या रंगीत चौकटीबद्दल लिहायचं आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असं तिथे छापलंय. या एका वाक्यात दोन चुका आहेत. त्या दिवशी लॉकियर किल्ल्यावर नव्हता, आणि त्या दिवशी हेलियमचा शोध कुठेच लागला नाही.

लेखकावर माझा राग नाही, कारण हेच वाक्य मी स्वतः किल्ल्यावरच्या ओट्यांवर उभा राहून वर्षानुवर्षं मुलांना ऐकवलंय. मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होतो. तास प्राध्यापक घ्यायचे. उपकरणं लावणं, स्लिट पुसणं, फुटलेल्या लेन्सचा हिशेब ठेवणं माझ्याकडे. मुलांची सहल विजयदुर्गला गेली आणि ‘साहेबाच्या ओट्यां’पाशी पोचली की सर म्हणायचे, “आता काका सांगतील.” मग काका सांगायचे. इथे दुर्बीण होती, इथे साहेब बसला होता, अंधार झाला आणि पिवळी रेघ दिसली. जणू मीच शेजारी कंदील धरून उभा होतो.

एका सहलीत देवगडकडची एक मुलगी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “काकानू, श्रावणात हयसर सूर्य खय दिसता?”

सगळे हसले. मीही हसलो आणि ‘त्या दिवशी उघडलं असेल’ असं काहीतरी ठोकून दिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही असं काही झालं नाही, चांगली लागली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. १८ ऑगस्ट १८६८ म्हणजे श्रावणातली अमावास्या. आमच्याकडे त्या दिवसांत दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. ज्याला सूर्यच पाहायचाय तो माणूस इंग्लंडहून निघून ऐन पावसात कोकणचा किनारा कशाला गाठेल?

निवृत्तीनंतर मुलाने लॅपटॉप दिला आणि मी त्या काळचे अहवाल वाचायला बसलो. इंग्रजी जुन्या वळणाचं, पण वाचता येतं. ग्रहणाची सावली पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरून पूर्व किनाऱ्याकडे गेली. वेध घेणारे लोक मुख्यतः घाटापलीकडे होते. गुंटूरला फ्रान्सचा ज्यूल जान्सेन आणि मेजर टेनंट, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा पॉगसन, जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल. विजापूरला कॅप्टन हेग यांच्या तुकडीत एक नाव दिसलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो: केरो लक्ष्मण, पुण्याच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक. म्हणजे आपले केरूनाना छत्रे, टिळकांचे गुरू! त्या ग्रहणाशी मराठी माणसाचा खरा संबंध हा आहे, आणि तो मी एकाही सहलीत सांगितला नाही, कारण मला माहीतच नव्हता.

आणि लॉकियर? तो लंडनमध्ये होता. युद्धखात्यात कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात आकाश पाहायचं, असा बत्तीस वर्षांचा गृहस्थ. सूर्याच्या कडेवर ग्रहणात ज्या लालसर ज्वाळा दिसतात त्या ग्रहणाशिवायही वर्णपटमापकातून, म्हणजे उजेडातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून (स्पेक्ट्रोमीटर त्यातलाच), दिसल्या पाहिजेत, हे त्याच्या मनात आधीपासून होतं. पण पुरेसा ताकदवान वर्णपटमापक त्याच्या हाती आला ऑक्टोबरात, ग्रहण होऊन दोन महिने झाल्यावर. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने भर उजेडात त्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. तिकडे जान्सेनला हीच युक्ती गुंटूरला ग्रहणातच सुचली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती करून पाहिली होती. पण त्याचं पत्र बोटीने जाणार. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबर या एकाच दिवशी पोचली. पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं. ते पदक हेलियमसाठी नव्हतं, ग्रहण नसताना ज्वाळा पाहण्याच्या युक्तीसाठी होतं. जान्सेनच्या त्या पत्रात नव्या मूलद्रव्याबद्दल एक अक्षर नाही.

मग ती पिवळी रेघ कुठे गेली? तापलेल्या वायूच्या उजेडात प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या जागी ठरलेल्या रेघा दिसतात, त्यावरून ते ओळखायचं. ती बहुतेकांना दिसली होती. हर्शेलने ती सोडियमची पिवळी ‘डी’ रेषा म्हणून नोंदवली, टेनंटनेही तेच केलं. पॉगसनने ‘डीवर किंवा डीच्या जवळ’ अशा अर्थाचं लिहून हात राखून ठेवला. इतकी शहाणी माणसं चुकली कशी, हे पुस्तक वाचून कळत नाही. त्यासाठी माझ्यासारखी हातांना मीठ लागलेली माणसं लागतात.

सोडियम कुठेही असतो. आमची प्रयोगशाळा खाडीपासून जवळ. बर्नरच्या निळ्या ज्योतीत प्लॅटिनमची तार धरली की काहीही न लावता ज्योत पिवळी व्हायची. तार आम्लात बुडवून तापवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा तापवायची; तरी कोणी घामट बोट लावलं की पिवळी. मुलं विचारायची, “काका, यात पोटॅशियम कुठे दिसतंय?” दिसणार कसं, मिठाने सगळं झाकून टाकलेलं. त्यामुळे पिवळी रेघ दिसली की पहिला संशय सोडियमचाच घ्यायचा, ही आमची सवय. १८६८ च्या लोकांनी हेच केलं. मी तिथे असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

आता फरक किती होता ते सांगतो. सोडियमच्या दोन रेषा, डी-एक आणि डी-दोन, एकमेकींपासून ०.६ नॅनोमीटरवर असतात. सूर्याच्या ज्वाळांमधली पिवळी रेघ डी-दोनपासून हिरव्या बाजूला साधारण १.४ नॅनोमीटर सरकलेली. इंचाला पंधरा हजार रेघांचं ग्रेटिंग (उजेडातले रंग वेगळे करणारी, बारीक रेघा असलेली पट्टी) लावून आमच्या स्पेक्ट्रोमीटरवर मी हे करून दाखवायचो. सोडियमचा दिवा पेटवला की आधी गुलाबी असतो, पाच-सात मिनिटांनी तापून पिवळा होतो. ग्रेटिंगने पाडलेल्या पहिल्या वर्णपटात दुर्बिणीची उभी तार डी-दोनवर आणायची, व्हर्नियर (कोन बारकाईने मोजायची पट्टी) वाचायचा. मग दिवा न हलवता शेजारी हेलियमची नळी लावायची आणि पुन्हा वाचायचं. फरक तीन मिनिटं. घड्याळाची नव्हे, कोनाची. म्हणजे अंशाचा विसावा भाग. एका नव्या मूलद्रव्याची सगळी साक्ष त्या तीन मिनिटांत आहे. ग्रहणाचा अंधार, डोक्यावर ढग, हात थरथरतोय, अशा वेळी ती कोण वाचणार? लॉकियरला वाचता आली, कारण तो घरी बसून रोज, पुन:पुन्हा, निवांत पाहू शकत होता. ग्रहणाला न गेल्याचा त्याला फायदाच झाला, असं माझं मत आहे.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. रेघ सोडियमची नाही हे ठरलं, तरी ती नव्या पदार्थाची आहे हे ठरत नाही. लॉकियरने रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडला सोबत घेतलं. दोघांनी हायड्रोजनवर दाब कमी-जास्त करून पाहिला, कशानेही ती रेघ उमटेना. १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी एडिंबराच्या अध्यक्षीय भाषणात ‘हेलियम’ हे नाव जाहीरपणे उच्चारलं. नावाला शेपूट सोडियम-कॅल्शियमचं लावलंय, धातूंचं. पुढे निघाला वायू. पुष्कळ रसायनवाल्यांना हे पटत नव्हतं. बाटलीत नाही, तराजूवर नाही, नुसती एक रेघ, तीही सूर्यावर!

त्यांचा संशय चुकीचा होता असं आज म्हणणं सोपं आहे. पण नेमक्या याच तर्काने आणखी दोन मूलद्रव्यं ‘सापडली’ होती. १८६९ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात सूर्याभोवतीच्या प्रभामंडळात एक हिरवी रेघ दिसली. पृथ्वीवर तशी कशाचीच माहीत नव्हती, म्हणून पदार्थाचं नाव ठेवलं कोरोनियम. तेजोमेघांमध्ये हगिन्सला १८६४ मध्ये दिसलेल्या रेषांना नेब्युलियम चिकटलं. मेंडेलीव्हने तर कोरोनियमला आपल्या कोष्टकात हायड्रोजनच्या आधी जागा धरून ठेवली होती. १९२७ मध्ये बोवेनने दाखवलं की नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आपला साधा ऑक्सिजन. कोरोनियमचा उलगडा ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी १९४० च्या आगेमागे केला: तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड. लोखंडाची इतकी सालं निघायची तर प्रभामंडळ दहा लाख अंशांच्या घरात तापलेलं हवं, हे त्यातून कळलं ते वेगळंच.

तर्क तिन्हीकडे तोच: ओळखीची नसलेली रेघ, म्हणून ओळखीचा नसलेला पदार्थ. एकदा बरोबर आला, दोनदा चुकला. मग १८६८ मध्ये ‘शोध लागला’ असं आपण म्हणतो ते कशाच्या जोरावर? १८९५ च्या जोरावर. त्या वर्षी लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल ओतलं. तो आर्गॉन शोधत होता. निघालेल्या वायूत पिवळी रेघ दिसली, जागा सोडियमची नव्हती. त्याने नमुना क्रुक्सकडे मोजायला पाठवला आणि ती सूर्यातलीच रेघ निघाली. त्यानंतर सत्तावीस वर्षं मागे जाऊन १८६८ ला जन्मतारीख लावण्यात आली. बोवेन आणि एडलेनमुळे उरलेल्या दोघांचे जन्मदाखले रद्द झाले.

आपल्या भाषेत यासाठी तीन क्रियापदं आहेत आणि आपण ती एकाच पातेल्यात घालतो. शोध घेणं, शोध लागणं, शोध लावणं. १८६८ मध्ये अनेकांनी शोध घेतला. लॉकियरने शोध लावला म्हणायला माझी हरकत नाही, पण तो महिने-वर्षं लावत होता, एका सकाळी नव्हे. आणि शोध लागला तो १८९५ ला, रॅम्झेच्या नळीत, तोही दुसरंच काही शोधताना. परीक्षेत ‘हेलियमचा शोध कोणी व केव्हा लावला?’ हा एका गुणाचा प्रश्न असतो. एका गुणात हे बसत नाही हे मला मान्य आहे, पण ती अडचण प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची.

आता ओट्यांकडे येतो, कारण ते खोटे नाहीत. लॉकियर विजयदुर्गला आला होता, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. पौषातली अमावास्या, आकाश निरभ्र, दुपारची वेळ, अंधार जेमतेम दोन मिनिटांचा. तोवर तो एकसष्ट वर्षांचा, आदल्याच वर्षी ‘सर’ झालेला. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेचे खलाशी त्याच्या मदतीला होते. कोणी काय मोजायचं, कोणी प्रभामंडळाचं चित्र काढायचं, याच्या त्यांच्याकडून रीतसर तालमी करून घेतल्या होत्या. त्याच्या अहवालाच्या शीर्षकातच गावाचं नाव आहे, ‘व्हिझियाद्रुग’ असं वेडंवाकडं, पण आपलंच. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला वेधशाळेचा तळ ठोकून बसले होते. ओटे साहेबाचे म्हणतात ते या भेटीमुळे, असं मला वाटतं. मधली तीस वर्षं लोकांच्या बोलण्यात गळून पडली, एवढंच. गावातल्या म्हाताऱ्यांनी साहेब पाहिल्याचं सांगितलं असेल तर ते खोटं बोलत नव्हते. साल जोडणारे आपण.

काही वर्षांपासून किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. पोरं पावसात भिजत येतात, त्यांचं कौतुकच आहे. तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण आपण चौकट दुरुस्त करणार असाल तर १८९८ साल घाला, आणि जागा उरली तर केरूनानांचं नाव. आणि संयोजकांपैकी कोणी हे पत्र वाचत असेल तर एकदा २२ जानेवारीला कार्यक्रम ठेवून पाहावा. कॉलेजने मोडीत काढलेला एक स्पेक्ट्रोमीटर मी भंगाराच्या भावात घेतलाय, व्हर्नियर अजून चोख आहे. सोडियमचा दिवा आणि हेलियमची नळी मी घेऊन येईन. ओट्यापर्यंत विजेची वायर आणि वर टाकायला एक काळं कापड, एवढी सोय मात्र तुम्ही बघा.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
कणकवली