पावशेर तूप

नाशिक, रविवार रात्र

प्रिय विन्या,

आठ महिने तुला पत्र नाही. तुझी दोन्ही पत्रं टेबलाच्या खणात आहेत, दोनदोनदा वाचलेली. कारण सांगण्यासारखं काही नाही, म्हणून सांगत नाही. माझी तब्येत बरी, आईचे गुडघे तसेच. काकू गेल्याचं बापूंनी तुला कळवलंच असेल. आज लिहायला बसलो कारण सीन 18 चॅनेलकडून तिसऱ्यांदा परत आला, आणि तो का परत आला हे ज्याला अर्ध्या वाक्यात कळेल तो माणूस सांगलीत उसाच्या मोळ्या मोजत बसलाय.

मालिका तुला ठाऊक आहे. नामवंतांच्या आयुष्यातलं वळण, दर आठवड्याला एक माणूस. अर्ध्या तासाचा भाग म्हणजे जाहिराती वजा जाता 22 मिनिटं, मध्ये तीन ब्रेक, म्हणजे चार तुकडे. माझ्या वाट्याला आलाय तो नट. नाव लिहीत नाही. शैलाने ज्याच्यापायी प्रॅक्टिकल बुडवलं होतं तोच. ऐन भरात काम सोडलं आणि लोक म्हणू लागले, गोदावरीवर याला साक्षात्कार झाला.

त्याने स्वतः सांगितलं ते असं. संध्याकाळी घाटावर बसला होता. उठला तर एक चप्पल गायब. अर्धा तास शोधली, चिडला, कुणाला तरी बोललाही. मग शोधणं थांबलं. कधी थांबलं ते त्याला सांगता येत नाही. अंधार पडलेला. उरलेली चप्पल तिथेच ठेवून अनवाणी गाडीपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी शूटिंगला गेला! पुढचं दीड वर्ष जातच होता. मध्ये दोनदा सगळं सोडून पुन्हा धरलंही. मला हे ऐकताना अंगावर काटा आला, कारण खोटं सांगणारा माणूस चप्पल कशाला सांगेल?

चॅनेलचा शेरा: चप्पल काढा, प्रेक्षक हसतील. दीड वर्ष काढा. तिसऱ्या ब्रेकच्या आत जागृती झाली पाहिजे. नदीवर प्रकाश हवा, वारा हवा, डोळ्यांत पाणी हवं. त्याच्या माणसांचाही आग्रह तोच, आणि हयात माणसावरची पटकथा त्याच्या माणसांच्या सहीशिवाय फ्लोअरवर जात नाही. सुरुवातीला ‘काही प्रसंगांचे नाट्यीकरण केले आहे’ अशी पाटी दिली की मग वाटेल ते करायची मुभा, असा सगळ्यांचा समज. अरे, नाट्यीकरण म्हणजे दोन तासांचं बोलणं दोन मिनिटांत बसवणं. घडलं ते काढून न घडलेलं घालणं नव्हे.

त्यांना हवा तो सीन कसा होतो हे तुला काय सांगायचं, पण राग निघाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बॅकलाईट मागून-वरून मारला की केसांभोवती सोनेरी कड येते, ती तेजोवलयासारखी दिसते म्हणून सगळ्यांना प्रिय. पण तोच प्रकाश जरा जास्तच वरून आला की कपाळ उजळतं आणि डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात. ज्याचे डोळे उघडायचे त्याचेच डोळे दिसत नाहीत! मग खालून थर्माकोल धरून उजेड परतवतात, तर हनुवटी चमकते. धुराचं यंत्र स्टुडिओत ठीक. घाटावर नदीवरून वारा वाहतो, धूर चार सेकंद टिकतो, प्रत्येक टेकला दाटपणा वेगळा, एडिटिंगला एक शॉट दुसऱ्याला जुळत नाही. द्रोणातले दिवे प्रवाहाबरोबर निघून जातात. तंगुसाने ओवून बांधले तरी तिसऱ्या रीटेकपर्यंत द्रोण भिजून कलंडतात. ज्योत कॅमेऱ्यात धरावी तर चेहरा काळा, चेहरा धरावा तर ज्योतीचा पांढरा ठिपका. म्हणून दिव्याआड पिवळट एलईडी लपवतात, आणि तो स्वस्तातला असला, कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या 1/50 ऐवजी 1/60 वर राहिलं, की चित्रात पट्टे फिरतात, कारण आपली वीज 50 हर्ट्झची. ग्लिसरीन घट्ट असतं, गालावर थांबत थांबत उतरतं. खरं पाणी एकदम ओघळतं. घरी बसलेल्या बाईला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण तिला ते कळतं.

कपड्यांचं तर विचारूच नकोस. नवी कोरी भगवी कफनी पडद्यावर चकाकते, दुकानातून आत्ता आणली हे ओरडून सांगते. चारपाच वेळा धुऊन, उन्हात टाकून, चहाच्या पाण्यातून काढली की ती अंगावरची वाटते. पांढऱ्यालाही चहा लागतो, नाहीतर उजेडात पांढऱ्यातल्या चुण्या उडून नुसता कागद दिसतो. एवढी अक्कल कपडेपटाला आहे. नवं कोरं खोटं दिसतं हे तिथे कळतं आणि कथेला मात्र नवं कोरं लागतं!

आता मूळ गोष्ट. परवा गाथा काढली होती, दुसऱ्याच कामासाठी. तुकोबांना स्वप्नात गुरूचा उपदेश झाला तो अभंग. गंगास्नानाला जाताना वाटेत गाठलं, मस्तकावर हात ठेवला, परंपरेची खूण सांगितली, बाबाजी हे नाव सांगितलं, मंत्र दिला. तिथी-वारासकट, माघ शुद्ध दशमी, गुरुवार. आणि या सगळ्याच्या मधोमध काय? गुरूने जेवायला पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं स्वप्नात विसरून गेलं! विन्या, आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण सांगताना हा माणूस वाण्याच्या मापात तूप सांगतो, आणि ते दिलं नाही याची रुखरुखही. त्याआधीचा दुष्काळ, बसलेला धंदा, बायको आणि मूल गेलेलं, ते सगळं वेगळंच. तूप काढलं तर तो अभंग कुणाचाही होईल. तुपाने तो तुकारामाचा झाला. माझ्या नटाची चप्पल म्हणजे त्याचं पावशेर तूप आहे आणि ते मला काढू द्यायचं नाही.

चॅनेलच्या बाई म्हणाल्या, प्रभातच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’ सिनेमातही चमत्कार होतेच की. होते. विमान होतं, गरुडाच्या आकाराचं. पण दामले-फत्तेलालांनी चमत्कारांच्या शेजारी जिजाई ठेवली, तिची म्हैस ठेवली, पोरांची भूक ठेवली. म्हणून विमान पेलतं. आणि विष्णुपंत पागनीस बघ. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा, भजनं गाणारा माणूस. त्याचा चेहरा तुकोबांचा म्हणून घराघरात गेला. तो पडद्यावर ‘जागा होताना’ कुठे दिसतो? नाहीच दिसत. टाळ वाजवतो, गातो, पोतं उचलतो, आणि बघणारा मान डोलावता डोलावता कधीतरी हात जोडतो. शांताराम आठवल्यांनी त्या सिनेमासाठी लिहिलेला अभंग लोकांना तुकोबांचाच वाटतो. आठवल्यांनी तुकोबांची जीभ आपल्या तोंडात घोळवली, तेव्हा ते झालं. वरून प्रकाश पाडून होत नाही.

विनोद खन्नाचं सांगितलं तर चॅनेलच्या बाईंचे डोळे चमकले, पण त्यांना हवा होता विमानाचा दरवाजा आणि मागे वळून पाहणं. 1982 साली ऐन भरात तो ओरेगॉनला रजनीशांच्या आश्रमात गेला, तिथे त्याने बागकाम केलं, घरी दोन लहान मुलं, आणि 1987 ला पुन्हा पडद्यावर आला. मधल्या काळात झाडांना पाणी घालणारा हात, तीच गोष्ट आहे! बागेतला सीन लिहायला कुणी तयार नाही, कारण बागेत ‘होत’ काही नाही. बीटल्समधला रिंगो स्टार 1968 मध्ये ऋषिकेशला सूटकेसभर बीन्सचे डबे घेऊन गेला होता, पोट नाजूक म्हणून, आणि दहाएक दिवसांत परतला. डबे काढा म्हणतील. (बाळ्या असता तर म्हणाला असता, डबे ठेवा आणि बाकीचे तिघे काढा.)

बरं, तुझं सांग. चिमीची बारावी झाली का? गुऱ्हाळाची चिमणी दुरुस्त केलीस ना? वहिनींना नमस्कार, त्यांच्या लसणाच्या चटणीची बरणी रिकामी परत पाठवतोय ही लाज वाटायची गोष्ट आहे, चिवडा भरून पाठवीन. शेताच्या बांधाच्या भानगडीत वकील कर, भावाशी बोलत बसू नकोस.

तर उपाय. तो मला पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात फिरताना सुचला. आपला त्र्यंबकचा माणूस. सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते तेव्हा त्याने काय दाखवलं? वाटाण्याचं रोप. कुंडीपुढे कॅमेरा रोवला, थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत गेला, आणि सलग चालवल्यावर दाणा फुटून वेल वर चढला. एकाही चौकटीत वाढ दिसत नाही. कुठल्या चौकटीला ‘इथे उगवलं’ म्हणशील?

मी भाग तसा बांधतोय. एकच चौकट, सहा वेळा, दर वेळी आठ ते दहा सेकंद, चारही तुकड्यांत पेरलेली. तो घाटाच्या त्याच पायरीवर बसलेला. 35 मिमीची लेन्स, जमिनीपासून तीन फूट, माणसापासून चौदा फूट. दगडावर रंगाची खूण करायची नाही, म्हणून ट्रायपॉडच्या पायांची अंतरं शेजारच्या दोन खांबांपासून टेपने मोजून वहीत लिहायची आणि मॉनिटरवर आधीच्या चौकटीचं चित्र अर्धपारदर्शक ठेवून नवी त्यावर बसवायची. बदलतं काय? पहिल्या चौकटीत कडेला तीन माणसं फोनवर, मग एक, मग कुणी नाही. मनगटावर घड्याळ, मग घड्याळाचा पांढरा पट्टा, मग तोही उन्हाने भरून आलेला. बूट, चप्पल, एक चप्पल, अनवाणी. आणि पाचव्या चौकटीत, हे माझं सगळ्यात लाडकं, पुन्हा बूट आणि पुन्हा घड्याळ. कारण तो परत गेला होता. सहाव्यात पुन्हा अनवाणी, यावेळी चप्पल शोधत नाही.

शूटिंगचा क्रम दाढीवर ठरतो. आधी गुळगुळीत चेहरा, मग जाळीच्या दाढ्या, आखूड ते लांब. एकेक चिकटवायला पाऊण तास. घामाने वरच्या ओठाची कड सुटते, आणि एचडीत ती कड पहिली दिसते. म्हणून मे महिना नको. पावसाळा तर नकोच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं हे विचारत गाव फिरतं, पायरी कुठली शोधायची? थंडीत पाणी एका पातळीला राहतं. पंचवटीच्या काठावर ऊन उशिरा उतरतं, सूर्य मागच्या देवळांच्या पलीकडून येतो, म्हणून उजाडल्यापासून ऊन पायरीवर पडेपर्यंत सारखा, सावली नसलेला उजेड मिळतो. सहा चौकटी त्यातच, तीन सकाळी मिळून. रामकुंडावर नाही, जरा खाली. कुंडावर पहाटेपासून विधी चालू असतात, कुणाच्या दशक्रियेत आपण ट्रायपॉड रोवायचा नाही. आणि हे या थंडीतच व्हायला हवं, 2027 च्या सिंहस्थाच्या कामांचे बांबू चौकटीत आले की संपलं.

आवाजात संगीत नाही. पूर्ण शांतताही नाही, चार सेकंद आवाज गेला की लोक रिमोट उचलतात, टीव्ही बिघडला समजून. घाटाचा स्वतःचा आवाज दोन मिनिटं वेगळा रेकॉर्ड करायचा: कपडे आपटणं, कावळे, लांबची घंटा. सहाही चौकटींखाली तोच, दर वेळी किंचित खाली नेलेला.

आणि इथे मला तू हवास. कालिदास नाट्यगृहात, राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी, तिसऱ्या अंकात मी निळ्या स्पॉटसाठी विंगेतून हातवारे करत होतो आणि तू उजेड कमीजास्त करायच्या डिमरवरून मान वर केली नाहीस. सातवरचा दांडा पाचवर आणलास, 90 सेकंदांत. कुणाला कळलं नाही की उजेड बदलला. फक्त सगळे पुढे सरकून बसले. त्यावरून दोन महिने आपण बोललो नाही. बापूंनी मध्यस्थी केली तेव्हाही मी निळ्या स्पॉटचंच धरून बसलो होतो. तू बरोबर होतास. हे लिहायला अकरा वर्षं लागली.

मला सीन 18 मध्ये, चप्पल शोधण्याच्या त्या एका सलग शॉटमध्ये, तसाच उतार हवाय. संधिप्रकाश ते अंधार, चार मिनिटांचा शॉट, घाटावरचे दोनच दिवे आणि एक मोठा पडद्याआडून. कॅमेरामन मुलगा चांगला आहे, पण त्याला उतार मशीनवर लावायचाय, आणि मशीन सगळीकडे सारख्या वेगाने उतरतं. तू सारख्या वेगाने उतरवत नव्हतास. आधी बराच वेळ काहीच नाही, मग थोडं, मग पुन्हा थांबलास. मी विंगेतून तुझी मनगटं बघत होतो, रागाने का होईना.

चॅनेलशी बैठक पुढच्या शुक्रवारी आहे. चप्पल आणि पाचवी चौकट सोडणार नाही, बाकी त्यांना हवा तिथे ब्रेक घेऊ दे. तोपर्यंत लिही, किंवा फोन कर, रात्री दहानंतर: ते 90 सेकंद तू कशावर मोजत होतास?

तुझा,
सुध्या

ता. क. तुझा जुना डिमर बापूंच्या माळ्यावर आहे. तीन नंबरचा दांडा अडकतो, बाकी चालू आहेत. उतरवून पुसून ठेवलाय.