जाहीर आभार : ज्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत

छाती न उघडता, जांघेतील धमनीतून कॅथेटर (बारीक, लवचीक नळी) नेऊन आमच्या वडिलांच्या महाधमनीची झडप बदलण्यात आली आणि ते सुखरूप घरी आले, याबद्दल काही अनामिकांचे आभार मानणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

नव्या झडपेचा दाब हृदयातील विद्युतसंदेशांच्या मार्गावर पडला, तर ठोके मंदावून कायमचा पेसमेकर बसवावा लागू शकतो. म्हणूनच त्या रात्री मॉनिटरवरची नजर न हटवणाऱ्या, जांघेतल्या ड्रेसिंगभोवती रक्त साकळून गाठ तर येत नाही ना हे बोटांनी चाचपणाऱ्या, आणि पक्षाघाताची शंका राहू नये म्हणून बाबांना पुन्हा पुन्हा दोन्ही हात उचलायला व हसायला सांगणाऱ्या सिस्टरांचे ऋण मोठे आहे.

त्याहून जुने ऋण रुग्णांचे. डॉ. आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे अशी पहिली झडप बसवली. पुढे शस्त्रक्रिया न झेपणारे ३५८ रुग्ण या झडपेच्या ‘पार्टनर’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत सहभागी झाले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरात झडप बसवलेल्या गटातील ३०.७ टक्के, तर प्रचलित उपचारांच्या गटातील ५०.७ टक्के रुग्ण दगावले. पक्षाघात आणि रक्तवाहिन्यांची गंभीर इजा मात्र पहिल्या गटात अधिक होती. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टर आम्हाला फायदा आणि धोका दोन्ही स्पष्ट सांगू शकले, ते अशाच रुग्णांमुळे. ज्यांच्या वाट्याला दुसरा गट आला, त्यांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे आम्ही विशेष ऋणी आहोत.