काळ्या रेघेच्या चार वायरी

कोल्हापूर,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

गणपतीत तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी एकही उलट केला नाही, त्याबद्दल जे बोलायचे ते भेटल्यावर बोल. माझी साखर आटोक्यात आहे, अण्णांचा खोकला गेला. आज मात्र फोनवर बोलता आले नसते, म्हणून लिहीत आहे. समोर टेबलावर एक गंजलेला लग, म्हणजे वायरींची टोके दाबून स्क्रूखाली धरणारी धातूची कडी, पडला आहे आणि त्याच्या तोंडात चार वायरींची तुटकी टोके दाबलेली आहेत. अण्णांच्या मारुती ८०० च्या डॅशबोर्डमागे, सेटच्या पट्टीला धरणाऱ्या स्क्रूखाली तो दुपारी सापडला. एवढ्यावरून तुला सारे कळले असेल. तरी मला ते सविस्तर लिहिलेच पाहिजे.

हरित कर भरून भरून अण्णांनी ती गाडी जपली आहे. यंदा दसऱ्याला तिची पूजा झाल्यावर त्यांनी फर्मान काढले की, कॅसेटी पेन ड्राइव्हवर आल्या आहेत, तर आता गाडीत त्या वाजल्या पाहिजेत. नवा प्लेअर आणला. त्याच्या वायरींविषयी काही शंका नव्हती, कारण रंग ठरलेले असतात: पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची, आणि ज्या जोडीदारणीवर काळी रेघ ती त्या त्या स्पीकरची निगेटिव्ह. पिवळी थेट बॅटरीची, लाल किल्लीवरची, नुसती काळी गाडीच्या लोखंडी बॉडीची. निळीला हात लावायचा नाही; ती अँटेना किंवा अँप्लिफायर जागा करण्यासाठी असते.

अडचण गाडीच्या बाजूला होती. तिथे रंगांचा काही नियमच नव्हता. खाचेतून एकसारख्या लाल-काळ्या वायरीच्या पाच जोड्या बाहेर आल्या आणि स्पीकर तर चारच! पाचवी जोडी कोणाची, हा प्रश्न मला शुक्रवारी रात्रभर पुरला. तुझी वहिनी म्हणाली की, पांडव समजून सोडून द्या. मी मात्र वयाने शहाणा झालो आहे, म्हणून कोणती जोडी कोणत्या स्पीकरची ते ओळखायला पेन्सिल सेल लावण्याआधी प्रत्येक जोडीवर मीटर डीसी व्होल्टवर धरला. चार जोड्यांवर शून्य आले आणि पाचवीवर १२.४. कोणा कारागिराने मोबाइलच्या चार्जरसाठी ओढलेला तो जिवंत सप्लाय होता. तो स्पीकरचा समजून प्लेअरला जोडला असता, तर आणखी एक सेट अण्णांच्या डोळ्यांदेखत गेला असता. मग दहाच्या पान्याने बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवले आणि त्या जोडीची टोके टेपने बांधून टाकली.

उरलेल्या चार जोड्यांवर मीटर ओहमवर लावला. तीन जोड्यांवर साडेतीनच्या आसपास आकडा आला. चार ओहमचा स्पीकर मीटरवर असाच थोडा कमी दिसतो. चौथ्या जोडीवर मीटर नुसता १ दाखवून गप्प बसला, म्हणजे वायर कुठेतरी तुटलेली. मग पेन्सिल सेल घेतला, वहिनीला टॉर्च देऊन मागच्या सीटवर बसवले आणि एकेका जोडीला सेल क्षणभर टेकवत गेलो. ज्या स्पीकरमधून 'खर्र' ऐकू येईल, ती जोडी त्याची. सेलचे पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्हला लागले, तर पडदा बाहेर उडी मारतो, उलटे लागले तर आत जातो. पुढच्या उजव्याचा पडदा जाळीतून मलाच दिसला, तो बाहेर आला. मागच्या उजव्याला वहिनी ओरडली, "बाहेर!" मागच्या डाव्याला म्हणाली, "आत." मी पुन्हा टेकवला. "आत म्हटलं ना! दिसतंय मला."

डिकीतला जोड उघडून पाहिला, तर लाल वायर काळीला आणि काळी लालला बांधलेली होती, वर माझी ती निळी टेप. म्हणजे इतकी वर्षे मागचे दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध चालत होते. एक हवा पुढे ढकलत असताना दुसरा ती मागे ओढत होता आणि खालचा सूर मधल्यामध्ये विरून जात होता. आंबोली घाटात तू म्हणाला होतास की, तबल्याचा बायाँ कुठे हरवला आहे. त्यावर मी तुझ्या कानांविषयी जे बोललो आणि गोवा येईपर्यंत बोलत राहिलो, ते सर्व मागे घेतो.

पण हे किरकोळ आहे. खरा गुन्हा त्या लगमध्ये आहे. त्यातली चार टोके पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी आहेत आणि चारही टोकांवर काळी रेघ आहे. १९९८ च्या मे महिन्यात तू मला विचारले होतेस की, जुन्या टेपला एकेका स्पीकरसाठी एकच वायर होती, तर या नव्याला दोन-दोन कशाला दिल्या असतील. प्रश्न अगदी नेमका होता. मी डिप्लोमावाला आणि तू कॉमर्सवाला, म्हणून मी तुला सांगितले की, निगेटिव्ह सगळ्या शेवटी बॉडीलाच जातात, आणि चारही एका लगमध्ये दाबून स्क्रू आवळला. जुन्या टेपमध्ये ते चालत होते. नव्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी आतल्या आयसीतून, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपमधून, येतात, एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते, आणि काही वाजत नसतानाही दोन्हींवर सुमारे सहा व्होल्ट असतात. त्यातली एक बॉडीला टेकवली की आयसी जळालीच. तो धूर, तो वास, आणि अण्णा ओसरीवरून धावत आले तेव्हा मी म्हणालो, "याने बॅटरीची वायर उलटी धरली." तू काही बोलला नाहीस. शिकवणीच्या पैशांतून तू अण्णांना ९०० रुपये भरून दिलेस, आणि मी ते देऊ दिले.

तेव्हा मला हे खरोखर ठाऊक नव्हते, असे लिहून सुटता आले असते. पण पुढे चार-पाच वर्षांत नोकरीत अशाच एका आयसीचा नकाशा हाती आला, तेव्हा मला सगळे समजले होते. फक्त तो लग अजून तिथे असेल, असे वाटले नव्हते. बहुधा नंतरच्या कारागिराने वायरी कापून नवा सेट जोडला आणि स्क्रू तसाच ठेवला.

अण्णांना अद्याप सांगितलेले नाही. आज तीन स्पीकरांवर त्यांचे नाट्यसंगीत वाजले, ते डोळे मिटून ऐकत होते आणि मधेच म्हणाले, "त्याला बोलव रे, पण वायरींना हात लावू देऊ नकोस." त्यावर मी हसलो, आणि तेव्हापासून जेवण गोड लागलेले नाही. तू येण्याआधी सांगू की तुझ्यासमोर सांगू, हे तू ठरव. ९०० रुपयांचा हिशेबही तूच कर, कॉमर्सवाला तू आहेस.

लेकीच्या बारावीचे काय चालले आहे? तुझ्या गुडघ्याचे कळव. नव्या घराचे फोटो पाहिले, गॅलरी छान आहे.

मुका राहिलेला चौथा स्पीकर पुढच्या डाव्या दाराचा आहे. दार उघडून-मिटून वायर बिजागरीपाशी तुटली असणार, आणि त्या फटीत माझा हात जात नाही. दिवाळीला येशील तेव्हा मीटर आणू नकोस, माझ्याकडे आहे. तुझे मनगट अजून तितकेच बारीक असेल, तर ते तेवढे घेऊन ये.

तुझा,
इंजिनिअर