रात्रीच्या जेवणाला कटलेट

रामबाग, इंदूर

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली, "रात्रीचं काय, दूध-पोहे खाल्ले की झालं." दोघांसाठी पुन्हा ओट्याशी उभं राहायचा कंटाळा येतो, कळतं मला. पण रोजच दूध-पोहे? त्यात डॉक्टरांनी मटण बंद केल्यापासून बाबांना कुठलंच जेवण जेवणासारखं वाटत नाही. फोनवर काही सांगितलं की आई नुसतं "हो हो" म्हणते, म्हणून लिहून पाठवतेय.

कटलेट करा. बाबा म्हणतील, ते तर रेल्वेतलं खाणं. बाबा, साहेबाच्या ताटात कटलेट म्हणजे बरगडीचं मटण असायचं. आपण त्याचं बटाट्याचं केलं आणि ते चहाबरोबर जाऊन बसलं. नुसता बटाटा भरला असेल तर तिथेच बरं!

आई, दोनच मध्यम बटाटे घे. गाजर, फरसबी, मटार मिळून दोन वाट्या. अर्धी वाटी मूगडाळ भिजवून, पाणी न घालता भरड वाट आणि थोड्या तेलावर मोकळी होईपर्यंत परत. शिवाय 100 ग्रॅम पनीर. मटणाची जागा भरून काढायची ती डाळ-पनीरनं. 100 ग्रॅम कोरड्या मूगडाळीत साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात. आलं-मिरची, कोथिंबीर, लिंबू तुझ्या हातानं.

बटाटे सालासकट उकड आणि पूर्ण गार झाल्यावरच किस. गरम कुस्करले की चिकट होतात. माळव्याचा बटाटा कमी पाण्याचा, म्हणून तर चिप्सवाले इथला उचलतात. तुमच्याकडे नवा घेऊ नकोस, जुना बघ. भाज्याही वाफवल्यावर कढईत कोरड्या कर. कटलेट तेलात फुटतं ते आतल्या पाण्याची वाफ होते म्हणून.

चुऱ्यासाठी शिळा ब्रेड कडांसकट तव्यावर मंद आचेवर कडक करून मिक्सरमधून काढ. गोड टोस्ट नको, साखरेमुळे लगेच करपतो. इथे आमच्या शेजारच्या काकू शेवेत घोळवतात (इंदुरात माणूस सोडून सगळ्यावर शेव पडते), पण शेव आधीच तळलेली, ती काळी पडते. अंड्याऐवजी मैद्याचं ताकाइतकं पातळ पाणी. त्यात बुडवून, चुरा हलक्या हातानं दाबून लाव आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे चुरा सुटत नाही. मग तव्यावर बेताच्या तेलात. आतलं सगळं शिजलेलंच असतं, फक्त वरून रंग यायला हवा. खालची बाजू कडक झाल्याशिवाय उलटू नकोस.

सोबत टोमॅटोचं सार, भात आणि काकडीची कोशिंबीर. सॉसची बाटली टेबलावर आणायचीच नाही, ती आली की पुन्हा नाश्ता झाला. आतून मऊ असल्यामुळे बाबांच्या कवळीलाही त्रास नाही.

एकदाच जास्त करून, चुरा लावलेली फ्रीजरमध्ये ठेवलीस तर संध्याकाळी फक्त तव्यावर टाकायची; तशीच गोठलेली टाक, आच मात्र मंद ठेव. रविवारी फोन करते. "खाल्ली" एवढं उत्तर चालणार नाही, कोणी किती खाल्ली ते सांगा.

तुमची,
मनू

ता. क. सोबत जिरावनचं पाकीट पाठवतेय. इथे पोह्यांवर घालतात ते. सारणात घालू नकोस, वाढताना वरून भुरभुर. त्यात मीठ असतं, तेव्हा तुझ्या बीपीसाठी सारणातलं मीठ त्या मानानं कमी कर.