टॉवेलावरचे साहेब

सोलापूर,
१७ जानेवारी

प्रिय अव्या,

का बे, गड्ड्याच्या जत्रेला येतो म्हणालास आणि टांग मारलीस ना? मी एकटाच होम मैदानावरची धूळ खाऊन आलो. घरी आलो तर एक भानगड वाट बघत होती.

आमच्या वॉर्डातल्या एका माजी नगरसेवकांनी संक्रांतीचं वाण घरपोच पाठवलंय. यंदा स्टीलचा डबा नाही, टेरी टॉवेल. आपल्याच गावचा, चांगला जाड. आणि बरोबर मधोमध साहेबांचा चेहरा विणलेला, मिशीसकट. आता वापरायचा कसा, तूच सांग. तोंड पुसावं तर साहेबांच्या गालाला गाल लागतो. आंघोळीनंतर कुठं कुठं पुसायचं, ते लिहीत नाही. बायको म्हणाली, पायपुसणं करू. पण खालच्या मजल्यावर त्यांचाच कार्यकर्ता राहतो, तो रोज वर्तमानपत्र मागायला दारात येतो.

दिवाळीत उटण्याच्या पुडीवरही हेच होते. पण पुडी फाडली की प्रश्न मिटला. (नेमकी गळ्यावरून फाटली, ते जाऊ दे.) आरत्यांच्या पुस्तकावर तर साहेब पुढं आणि गणपती मागच्या पानावर. टॉवेल मात्र दहा वर्षं टिकतो बे.

शेवटी तो घेऊन साखर पेठेत राजूच्या कारखान्यात गेलो. त्यानं आधी उलटा करून बघितला. मागच्या बाजूला साहेबांचे केस पांढरे, तोंड काळंकुट्ट, फोटोच्या निगेटिव्हसारखं. ‘काम चांगलंय,’ म्हणाला. त्याचे वडील होते तेव्हा असला चेहरा काढायचा म्हणजे आलेखाच्या कागदावर चौकोन चौकोन रंगवायचे, मग पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची आणि ते जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायचे. आता फोटो कॉम्प्युटरात टाकला की झालं. त्यामुळं कुणीही उठतो आणि मागावर चढतो.

राजूचा एकच नियम आहे. पुढाऱ्याचा माल पूर्ण पैसे आगाऊ घेतल्याशिवाय सुरू करायचा नाही. ‘फुलाची डिझाइन निवडणुकीत पडत नाही,’ म्हणतो. कोपऱ्यात त्याच्याकडं एक गठ्ठा आहे. चेहरा ठीक, पण खालचं चिन्ह जुन्या पक्षाचं. माल तयार व्हायच्या आत माणूस पलीकडं गेला. त्यातल्याच एकानं राजू मागाचं तेल पुसत होता. २०१५ साली सुरतेत मोदींच्या त्या सुटाला लिलावात ४ कोटी ३१ लाख आले होते, कापडाच्या रेघांतच त्यांचं नाव होतं, आठवतं? मी त्याला म्हटलं, बघ, किंमत येते. तो म्हणाला, ‘नाव विणणं सोपं. तोंड अवघड. आणि तोंडाला गिऱ्हाईक नाही.’

गंमत म्हणजे याच्यासाठी कायदा आहे, १९५० चा. गांधीजी, शिवाजी महाराज, पंतप्रधान यांचं नाव-चित्र परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही. सूट फक्त कॅलेंडरला, तीही त्यावर मालाची जाहिरात नसेल तर. २००९ मध्ये माँ ब्लाँ या परदेशी पेन कंपनीनं गांधीजींच्या नावानं सोन्याचे २४१ पेन काढले, दांडीच्या २४१ मैलांचा हिशेब धरून. एकेक पेन अकरा लाखांच्या पुढं! प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि विक्री थांबवावी लागली. २०१६ मध्ये जिओच्या जाहिरातीत पंतप्रधान झळकले, तेव्हा याच कायद्यातला दंड किती होता? ५०० रुपये. राजूच्या दहा टॉवेलांचेसुद्धा होणार नाहीत.

पण आमच्या साहेबांना कुठला कायदा वाचवणार? गांधीजींना कुणी विचारलं नव्हतं. हे तर स्वतःच्या खिशातून पैसे घालून आमच्या न्हाणीघरात आलेत.

असो. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी पाठवतोय. पार्सलात भाकरी मोडू नयेत म्हणून टॉवेलात गुंडाळल्यात, चेहरा आतल्या बाजूला. चटणीचं तेल सुटलं तर डाग कुठं पडला ते कळव.

तुझा,
सुऱ्या