दादाशी बोलत राहिलेल्या अक्कांना

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही कुणाकडून काही घेत नाही. वहिनीनं आणलेला कुंदासुद्धा तुम्ही वॉर्डातल्या आयाबायांत वाटून टाकलात. म्हणून हे पत्र. आणि ते असं उघड लिहिते आहे, कारण दादाला झालेला गुलेन बॅरी सिंड्रोम हा नसांचा आजार आमच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात उद्या आणखी कुणाच्या घरी येऊ शकतो. तुम्ही आम्हाला जे समजावून सांगितलंत ते त्या घरालाही ठाऊक असलेलं बरं. तुमचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला रुचणार नाही. बेळगावात फिजिओथेरपी करणाऱ्या, घरी कन्नड बोलणाऱ्या आणि माझ्या भावाला पहिल्या भेटीपासून ‘अण्णा’ म्हणणाऱ्या, एवढी ओळख पुरे.

रोप लावणीच्या दिवसांत दादाचं पोट बिघडलं. जुलाब झाले, थांबले, तो पुन्हा खाचरात उतरला. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. दिवसभर चिखलात उभं राहिलेल्या माणसाला मुंग्या येतातच, असं सगळ्यांनाच वाटलं. पण पुढे त्याला उंबरा ओलांडता येईना, मांडी घालून बसला की उठता येईना, आणि एका सकाळी हातातला तांब्या निसटला. गावात एकच बोलणं सुरू झालं, अंगावरून वारं गेलं. कुणी तेल सुचवलं, कुणी गरम विटेचा शेक, कुणी घाटाखालच्या वैदूचा पत्ता दिला. आम्ही गाडी करून बेळगाव गाठलं.

पहिल्या संध्याकाळी आई तुम्हाला म्हणाली, “माझ्या लेकरावरून वारं गेलंय, आता काय उरलं?” तुमची ड्युटी संपली होती, तरी तुम्ही खुर्ची ओढून बसलात. पक्षाघातात बहुधा शरीराची एक बाजू जाते, असं तुम्ही सांगितलंत. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात रक्त पोचलं नाही की उजवा हात-पाय लुळा पडतो, कारण हालचालीचा हुकूम नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलून खाली उतरतात. दादाचे दोन्ही पाय सारखेच गेले होते आणि कमजोरी खालून वर चढत होती. शिवाय डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली तेव्हा पाय जराही उडाला नव्हता. ती हातोडी आम्हीही पाहिली होती. ती काय सांगून गेली, हे मात्र तुमच्याकडून कळलं. हातोडी पडली की मांडीचा स्नायू ताणला जातो, ती खबर पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच पाय उडवण्याचा हुकूम परत येतो. मेंदूला विचारण्याचं कामच पडत नाही. पक्षाघातानंतर काही काळानं हा झटका उलट जास्त जोरात येतो, कारण वरून मेंदूचा जो अटकाव असतो तो सुटलेला असतो. दादाचा झटका पार नाहीसा झाला होता. जाणारी नाहीतर येणारी वाट बंद होती.

मग तुम्ही आईच्या मनगटापासून खांद्यापर्यंत बोट फिरवत नेलंत. मेंदू आणि मेरुरज्जू ही मध्यवर्ती मज्जासंस्था. तिच्यापासून अंगभर गेलेले मज्जातंतू ही परिघीय. मेंदूकडून निघणाऱ्या १२ जोड्या, मेरुरज्जूकडून निघणाऱ्या ३१. दादाचा बिघाड या जोड्यांमध्ये होता. डोक्यातल्या साधारण ८६०० कोटी चेतापेशी जागच्या जागी होत्या. त्याला दिसत होतं, ऐकू येत होतं, कळत होतं, फक्त त्याचा हुकूम पायापर्यंत पोचत नव्हता.

भेटायला येणारी माणसं त्याच्या उशाशी उभी राहून शेताचं, सोसायटीच्या कर्जाचं, पोरांच्या शिक्षणाचं कसं व्हायचं ते मोठ्यानं बोलायची. आजाऱ्याला काय कळतंय, असा सगळ्यांचा समज. तुम्ही एका मामांना हात धरून बाजूला नेलंत आणि म्हणालात, “अण्णांना सगळं कळतंय बगा. बोलायचं तर अण्णांशीच बोला.” त्या दिवसापासून खोलीतलं वागणं बदललं. वहिनी त्याला रोज सकाळी पाऊस किती झाला, कुठल्या खाचरात पाणी साठलं, म्हैस कधी व्याली, ते सांगू लागली. डॉक्टरांनी, औषधांनी दादाचा जीव वाचवला. तो माणसांत राहिला तो तुमच्या त्या वाक्यामुळे, असं मला आजही वाटतं.

आजाराचं नाव गुलेन बॅरी सिंड्रोम. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात याची साथ आली तेव्हा ते नाव आम्ही वर्तमानपत्रात वाचलं होतं. १९१६ साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धातल्या दोन सैनिकांमध्ये हा आजार नोंदवला, आणि ते दोघे बरे झाले, हेही तुम्हीच सांगितलंत. आईनं त्यातलं ‘बरे झाले’ तेवढंच धरून ठेवलं होतं.

पोटाच्या जुलाबाचा आणि पायाच्या नसांचा काय संबंध, हा प्रश्न मी तुम्हाला जिन्यात अडवून विचारला होता. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू दूषित पाण्यातून, कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून पोटात जातो. त्याच्या अंगावरच्या काही शर्करा आपल्या मज्जातंतूंवरच्या घटकांशी फार मिळत्याजुळत्या असतात. जंतूशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं मग आपल्याच तंतूंवर चालून जातात. जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पाय जातात, ते यामुळे. जंतू निघून गेलेला असतो, लढाई मात्र चालूच असते. जुलाब झालेल्या लाखांतल्या एखाद-दुसऱ्याला असं होतं की हजारांतल्या, हे मी विचारलं नाही. पण बहुतेकांना काहीच होत नाही, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत, आणि ते इथे लिहिणं गरजेचं आहे, नाहीतर पोट बिघडलेली प्रत्येक आई घाबरेल.

मायलिनचं, म्हणजे नसांवरच्या आवरणाचं, मात्र मला पुन्हा पुन्हा विचारावं लागलं, आणि तुम्ही दर वेळी तितक्याच मनापासून सांगितलंत. चेतापेशीचा लांब धागा म्हणजे अक्षतंतू. कमरेपासून पावलापर्यंत जाणारा धागा जवळजवळ १ मीटर लांब असू शकतो. त्याच्याभोवती श्वान या शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पेशी मायलिन या स्निग्ध पदार्थाचे थरावर थर गुंडाळतात, पण सलग नाही, मधे मधे बारीक फटी ठेवून. संदेश त्या फटींवरूनच पुढे जातो. तुम्ही म्हणालात, बेळगावहून खानापूरला जाणारी थेट गाडी असते ना, ठरल्या स्टँडवरच थांबणारी, तसं. मायलिन शाबूत असेल तर जाड तंतूंत संदेश सेकंदाला १२० मीटरपर्यंत धावतो. मायलिन झडलं की त्याच गाडीला प्रत्येक बांधावर थांबावं लागतं, आणि कितीतरी गाड्या वाटेतच बंद पडतात. नसांच्या तपासणीत पायाला छोटे विजेचे झटके देऊन हाच वेग मोजला होता. पायात तो सेकंदाला साधारण ४० मीटरच्या वर हवा, दादाचा निम्म्यालाही पोचत नव्हता. रिपोर्ट इंग्रजीत होता, तुम्ही तो ओळीनं वाचून दाखवलात.

यानंतरची गोष्ट लिहिताना हात थरथरतो, पण लिहायलाच हवी.

बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन चांगला दिसत होता आणि आम्ही त्या आकड्यावर विसंबून होतो. तुम्ही व्यायामाला आलात आणि दादाला म्हणालात, “अण्णा, दीर्घ श्वास घ्या आणि एका श्वासात जेवढे आकडे म्हणता येतील तेवढे म्हणा.” आदल्या दिवशी वीसच्या पुढे गेलेला दादा दहाच्या अलीकडेच थांबला. तुम्ही व्यायाम सोडलात आणि डॉक्टरांना बोलावून आणलंत. छाती आणि पोटामधला श्वासपटलाचा स्नायू मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूवर चालतो. कमजोरी तिथवर चढली की श्वास आखूड होतो, आणि ऑक्सिजनचा आकडा घसरेपर्यंत फार उशीर झालेला असू शकतो. या आजारात दर चार-पाच रुग्णांमागे साधारण एकाला कृत्रिम श्वासाची गरज पडते. दादा त्यांतला एक ठरला. पण धावपळ न होता, वेळेत, दिवसाउजेडी त्याला अतिदक्षता विभागात हलवता आलं. ज्यांच्या घरी हा रुग्ण असेल त्यांनी आकडे मोजण्याची ही गोष्ट लक्षात ठेवावी, आणि मोजणी कमी होतेय असं दिसलं तर डॉक्टरांना बोलावण्यात वेळ घालवू नये.

आत त्याच्या नाडीचे ठोके कधी एकदम वाढायचे, कधी पडायचे, रक्तदाबाचंही तसंच. आम्हाला वाटे, तो घाबरलाय. घाबरलेला असेलही. पण हृदय, आतडी, घाम हे सगळं आपल्या मर्जीविना चालवणारे तंतूही याच जाळ्यातले, एक संच वेग वाढवणारा, दुसरा आवरणारा, आणि घाव त्यांच्यावरही बसतो, हे तुमच्याकडून कळल्यावर यंत्राकडे बघण्याची आमची भीती थोडी कमी झाली.

पाच दिवस त्याला इम्युनोग्लोब्युलिन दिलं, वजनाच्या दर किलोमागे रोज ०.४ ग्रॅम. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढतात, हे मला माहीतच नव्हतं. त्या दात्यांचेही आभार मानायचे आहेत, ते कुठे राहतात ते कधीच कळणार नाही. औषध लढाई थांबवतं, झडलेलं मायलिन मात्र शरीरानंच पुन्हा गुंडाळायचं असतं. म्हणून औषध संपलं आणि दादा हलला नाही तेव्हा आम्ही खचलो, तेव्हा तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं आठवलं: आधी चढतो, मग थांबतो, मग उतरतो. थांबण्याचा काळ सगळ्यात कठीण.

त्या काळात तुम्ही रोज त्याचे सांधे हलवलेत, कूस बदलायला शिकवलंत, पावलं खाली लोंबू नयेत म्हणून आधार बांधलात, छातीतला कफ सुटावा म्हणून थोपटलंत. नळी होती तोवर तो बोलू शकत नव्हता. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही, हे तुम्हीच ठरवलंत. आणि प्रत्येक वेळी हात लावण्याआधी त्याला विचारत होतात, “अण्णा, उजवा पाय उचलू?” पापणी मिटेपर्यंत थांबत होतात. मी काचेबाहेरून बघत होते.

चादर पायाला लागली तरी दादा कळवळायचा, पण डोळे मिटल्यावर पाय सरळ आहे की दुमडलेला ते त्याला सांगता यायचं नाही. हे आम्हाला फार विचित्र वाटायचं. त्यावर तुम्ही सांगितलंत की वेदना आणि तापमान नेणारे तंतू बारीक, कमी मायलिनचे किंवा बिनमायलिनचे असतात, तर अवयव कुठे आहे हे सांगणारे तंतू जाड, भरपूर मायलिन असलेले. मायलिनवर घाव म्हणजे जाड तंतूंचं नुकसान जास्त. म्हणूनच घरी आल्यावर रात्री दिवा चालू ठेवायला सांगितलंत, कारण पायाची खबर मिळत नाही तेव्हा डोळेच तोल सांभाळतात. गरम विटेचा शेक सक्तीनं बंद करायला लावलात, कारण बधिर त्वचेला भाजलेलं कळत नाही. आणि व्यायाम थकवा येईपर्यंत करायचा नाही, असं बजावलंत. दादासारख्या कष्टाळू माणसाला आराम हे औषध पटवणं सोपं नव्हतं. तुम्ही वहिनीला पहारेकरी नेमलंत.

सहा महिन्यांत दहांपैकी साधारण आठ जण आधाराशिवाय चालू लागतात, असं तुम्ही म्हणाला होता. दादा त्या आठांत आहे, अक्का. घरापासून विहिरीपर्यंत तो काठीविना जातो. भाताची कापणी त्यानं बांधावर बसून पाहिली, मळणीच्या वेळी पोती मोजून वहीत लिहिली. बटणं लावतो, भाकरी स्वतः मोडतो. डाव्या पावलाचा पुढचा भाग अजून उचलत नाही, म्हणून तुम्ही दिलेला पट्टा घालतो. जिथे मायलिनबरोबर आतला धागाही तुटला असेल तिथे तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीनं वाढतो, हे तुमचं वाक्य त्यानं पाठ केलंय. कुणी ‘अजून पट्टा का’ म्हणून विचारलं की तो शांतपणे हिशेब मांडतो: गुडघ्यापासून पावलापर्यंत अंतर किती, म्हणजे महिने किती.

दादानं तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. डाव्या घोट्याच्या वर रात्री मुंग्या येतात, आणि गेल्या महिन्यात त्या जिथे येत होत्या त्याच्या जरा खाली आता येतात. ही धागा वाढत असल्याची खूण धरायची, की तुम्हाला दाखवायला यावं? पुढच्या सोमवारी तुम्ही असाल तर सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं येतो. या वेळी तो स्वतः गाडीत चढणार म्हणतोय.

तुमची,
खानापूर तालुक्यातली, अण्णांची धाकटी बहीण