डिलीट मी केलं नव्हतं

सांगली,
रविवार, दुपार

चि. सौ. मुग्धा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, तुमच्याच हातनं डिलीट झालं असणार," आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवलास. मी गप्प बसलो, पण ते लागलं. चाळीस वर्षं अडतीच्या दुकानात दिवाणजी म्हणून वही लिहिली, पावती कधी इकडची तिकडं झाली नाही. तो माणूस स्वतःच्या घरात सातबारा हरवेल होय?

तर ऐक. सोसायटीत पीककर्जाच्या कागदांसाठी रानाचा सातबारा हवा होता. डिजिटल सहीचा उतारा काढला, १५ रुपये गेले. क्रोमनं डाउनलोड झाल्याचं सांगितलं. डेस्कटॉपवर बघतो तर काही नाही. पुन्हा काढला, पुन्हा गायब. असा चार वेळा काढला. आई म्हणाली, "आता पुरे, तलाठ्याकडं जा." पण मी हट्टाला पेटलो होतो.

आधी साध्या जागा बघितल्या. रिसायकल बिनमध्ये सातबारा नव्हता (तिथं दुसरंच काही सापडलं, ते शेवटी सांगतो). मग डेस्कटॉपवर राइट क्लिक करून व्ह्यूमध्ये 'शो डेस्कटॉप आयकॉन्स' पुढची बरोबरची खूण बघितली. सुट्टीत आपल्या चिरंजीवांनी ती काढली होती आणि सगळा पडदा कोरा झाला होता, आठवतं ना? ती यावेळी जागेवर होती. अँटिव्हायरसनंही काही अडवून ठेवलेलं नव्हतं.

मग कंट्रोल आणि जे दाबलं. ब्राउझरनं आजवर काय काय उतरवलं त्याची यादी येते. चारही सातबारे तिथं हजर! नाव तेच, पुढं कंसात १, २, ३. एकाशेजारच्या फोल्डरच्या चित्रावर क्लिक केलं तर एक फोल्डर उघडला, त्याचं नाव डेस्कटॉप. आत चारही उतारे, शिवाय दिवाळीपासून न दिसलेल्या लाइटबिलाच्या पावत्या. खिडकी बारीक करून खरा डेस्कटॉप बघितला, तर तिथं यातलं काहीच नाही. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.

मग वरच्या पट्टीवर क्लिक करून पूर्ण पत्ता वाचला. सी, युजर्स, माझं नाव, वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवरचं गोदाम), डेस्कटॉप. समोर दिसणाऱ्या डेस्कटॉपचा पत्ता त्याच्यावरच्या एका फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये बघितला: सी, युजर्स, माझं नाव, डेस्कटॉप. मधलं वनड्राइव्ह नाही. आपल्याकडं कवठं नावाची गावं एकाहून जास्त, म्हणून कुणी नुसतं कवठं म्हणालं तर आपण विचारतो ना, महांकाळ का एकंद? मी एकंदला उभा राहून महांकाळचा माल शोधत होतो.

आता हे झालं कसं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल, तरी लिहितो. वनड्राइव्हची फुकटची पाच जीबी भरली म्हणून सारखी सूचना यायची. दिवाळीनंतर तूच फोनवर सांगितलंस, "अण्णा, तो बॅकअप बंद करून टाका." मी केला. तो बॅकअप चालू होता तेव्हा विंडोजनं आपला डेस्कटॉपच उचलून वनड्राइव्हच्या फोल्डरात नेऊन ठेवला होता. बंद केल्यावर फाइल्स तिथंच राहिल्या आणि माझ्यासमोर नवा, रिकामा डेस्कटॉप मांडला गेला. क्रोमला मात्र कुणी सांगितलंच नाही. डाउनलोड डेस्कटॉपवर ठेव, असं मागं तूच त्याला लावून दिलं होतंस, तेव्हा डेस्कटॉप वनड्राइव्हमध्ये होता. त्यानं तोच पत्ता पाठ केला आणि इमानानं तिथंच टाकत राहिला. गुमास्ता म्हणून ठेवावा असा.

तुला हरिपूरची पेवं आठवतात का? लहानपणी एकदा नेलं होतं. जमिनीच्या पोटात हळद, वर तोंड मातीनं बंद, चालणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. व्यवहार पेठेत बसून व्हायचा, नमुन्यावर आणि चिठ्ठीवर. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि ते सगळं जवळजवळ संपलंच. डेस्कटॉपवरच्या ज्या चित्राला बारीक बाण असतो ना, ती नुसती चिठ्ठी. चिठ्ठी फाडली तर माल जात नाही, पण माल हलला तर चिठ्ठी फुकट.

पण माल पेवात आहे म्हणून निर्धास्त राहू नये, हेही वाचलं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चं एक अपडेट आलं होतं. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसरीकडं हलवले होते आणि काही फाइल्स जुन्या जागी राहिल्या होत्या, त्यांच्यापैकी काहींच्या त्या जुन्या जागेतल्या फाइल्स त्यानं खरोखर पुसल्या. मायक्रोसॉफ्टनं ते थांबवलं आणि दुरुस्त करून नोव्हेंबरात पुन्हा सोडलं. हे वाचल्यावर मी त्याच रात्री सगळं हलवलं. कट केलं नाही, कॉपी केलं. काही फाइल्सवर नुसतं ढगाचं चित्र होतं, म्हणजे त्या मशीनवर नव्हत्याच. त्या आधी उतरवून घेतल्या. एकेक उघडून बघितली आणि मगच तिकडची काढली. पोच हातात आल्याशिवाय मूळ पावती फाडायची नाही, हे आमच्या दुकानातलं.

आता क्रोमच्या सेटिंगमध्ये जागा बदलून साधा डाउनलोड्स फोल्डर दिलाय, आणि प्रत्येक वेळी कुठं ठेवू असं विचारायला लावलंय. जरा कटकट वाटते, पण विचारणारा नोकर बरा. तुझ्या लॅपटॉपवर स्टोरेज सेन्स (नको त्या फाइल्स आपोआप काढणारी विंडोजची सोय) चालू असेल तर एकदा बघून घे. डाउनलोड्समध्ये किती दिवस न उघडलेली फाइल काढायची, ते तिथं ठरवता येतं. माझ्याकडं 'नेव्हर' आहे. तुझ्याकडं ३० दिवस असेल तर पुढच्या वेळी तुलाच मला फोन करावा लागेल.

आता रिसायकल बिनचं. बॅकअप बंद केला त्या दिवशी डेस्कटॉपवर एक नवं चित्र आलं होतं, 'माझ्या फाइल्स कुठं आहेत' अशा अर्थाचं इंग्रजी नाव. मला वाटलं जाहिरात. मी ते उडवलं. काल बिनमधून परत आणून उघडलं, तर ते थेट वनड्राइव्हच्या त्या फोल्डरवर गेलं. म्हणजे माल मी हलवला नव्हता, पण चिठ्ठी मीच फाडली होती.

आई विचारतेय भडंग कधी पाठवायचा, पत्ता तोच आहे ना. जादाच्या तीन उताऱ्यांचे ४५ रुपये मी वहीत तुझ्या नावे मांडले होते. चिठ्ठीचं लक्षात आल्यावर निम्मे माझ्याकडं वळते केलेत. तुझी बाकी साडेबावीस.

तुझे,
अण्णा